येसकराची काठी आणि भाड्याची शांतता

'भाडोत्री' ही शिवी आपल्याला नवी नाही. एक जानेवारी जवळ आला की ती हमखास कानावर येते. तुमचे पूर्वज कोरेगावला कशासाठी लढले? कंपनी सरकारच्या पगारासाठी. भाडोत्री शिपाई ते, त्यांचा कसला अभिमान धरता? २०१८ साली लढाईला दोनशे वर्षं झाली, तेव्हा ही शिवी तोंडानं न येता दगडानं आली. आपल्या पोरांकडं तिला दोन उत्तरं असतात. काहीजण म्हणतात, भाडोत्री कुठले, ते पेशवाई बुडवायला निघाले होते. काहीजण म्हणतात, होते भाडोत्री. पोटासाठी बंदूक धरली, दरोडा नाही घातला.

दोन्ही उत्तरं मनापासूनची आहेत, पण दोन्हींनी अडचण होते. पहिलं धरलं तर स्तंभावरच्या माणसांच्या अंगावर आपण आपले आजचे विचार अंगरख्यासारखे चढवतो. दुसरं धरलं तर बंदूक विकणं आणि विकत घेणं हा साधा धंदा ठरतो. मग उद्या कुणी जगभरची शांतता कंत्राटानं द्यायला निघालं तर त्याला अडवायला आपल्याकडं शब्द राहत नाही. आणि दोस्तहो, तसं निघालेले आहेत. १९९० नंतर हा विचार पुन्हापुन्हा मांडला जातोय, की परक्या देशातली यादवी आणि कत्तली थांबवायला युनोची शांतिसेना पाठवण्यापेक्षा खाजगी लष्करी कंपन्या भाड्यानं घ्याव्यात. म्हंजे शांततेचं टेंडर काढायचं. २००६ साली अमेरिकेतल्या ब्लॅकवॉटर कंपनीच्या उपाध्यक्षानं चारचौघांत सांगितलं की शांतिकार्यासाठी ब्रिगेडएवढी फौज आम्ही पुरवू शकतो. पुढच्याच वर्षी, १६ सप्टेंबर २००७ ला, त्याच कंपनीच्या माणसांनी बगदादच्या निसूर चौकात १७ इराकी माणसं गोळ्या घालून मारली.

कंपन्यांच्या बाजूनं जे बोलतात ते सगळे लुच्चे नाहीत, त्यांचं म्हणणं नीट ऐकावं लागेल. त्यांचा आवडता दाखला सिएरा लिओनचा. पश्चिम आफ्रिकेतला हा देश हिऱ्यांच्या खाणींवर बसलेला आणि उपाशी. १९९५ साली तिथले बंडखोर, जे पुढं माणसांचे हात तोडण्यासाठी कुप्रसिद्ध झाले, राजधानी फ्रीटाऊनच्या जवळ येऊन ठेपले. सरकारी फौज कुचकामी. मग सरकारनं दक्षिण आफ्रिकेतली 'एक्झिक्युटिव्ह आउटकम्स' ही कंपनी बोलावली. वर्णद्वेषी राजवटीच्या लष्करात तयार झालेली ही माणसं. त्यांनी थोड्याच दिवसांत राजधानीभोवतीचे बंडखोर हटवले, मग हिऱ्यांचा मुलूख मोकळा केला. जवळपास २१ महिन्यांचं बिल झालं साडेतीन कोटी डॉलर. सरकारकडं रोकड नव्हती. कंपनीच्या सोयरिकीतल्या खाण कंपनीला हिऱ्यांच्या खाणींचे हक्क मिळाले. जानेवारी १९९७ ला कंपनी निघून गेली. मे महिन्यात लष्करानं बंड करून निवडून आलेलं सरकार उलथवलं. नंतर युनोची सेना आली, तिची संख्या पुढं साडेसतरा हजारांपर्यंत वाढली, आणि २००० साली त्याच बंडखोरांनी युनोच्या पाचशेच्या आसपास सैनिकांना ओलीस धरलं. आपले भारतीय जवानही तिथं कैलाहूनला अडीच महिने वेढ्यात होते.

कंपनीवाले म्हणतात, बघा. थोड्या पैशात, थोड्या माणसांत, थोड्या दिवसांत काम झालं का नाही? कोफी अन्नान युनोचे सरचिटणीस असताना १९९८ साली एका भाषणात बोलून गेले होते, की रवांडाच्या कत्तलीनंतर निर्वासितांच्या छावण्यांत लपलेले हत्यारबंद लोक वेगळे काढायला खाजगी कंपनी घ्यावी का, हा विचार आपल्या मनात आला होता. पण जग शांततेचं खाजगीकरण करायला तयार नसावं. तयार नसावं म्हणाले. चूक आहे, असं नाही म्हणाले.

आता पुणे जिल्ह्यातल्या माणसानं तरी यात नवल वाटून घेऊ नये. जगातली सगळ्यात मोठी खाजगी लष्करी कंपनी आपल्या उरावर बसून गेली. ईस्ट इंडिया कंपनी ही लंडनच्या भागधारकांची कंपनी होती, डिव्हिडंड वाटणारी. आमच्या लोणी काळभोराहून पुण्याकडं निघालं की वाटेत हडपसर लागतं. तिथं २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरानं पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा झोडपल्या. दुसरा बाजीराव पळाला तो थेट इंग्रजांच्या आसऱ्याला, आणि ३१ डिसेंबर १८०२ ला वसईला त्यानं तह केला. कंपनीनं सहा हजार पायदळ त्याच्या रक्षणाला द्यायचं, बदल्यात त्यानं २६ लाख उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा. शाळेच्या पुस्तकात याला तैनाती फौज म्हणतात. आपण ते पाठ करतो, पाच मार्क घेतो आणि विसरतो. पण नीट बघा, सिएरा लिओनच्या हिऱ्यांच्या खाणी आणि पेशव्याचा २६ लाखांचा मुलूख यांत काय फरक आहे? रोकड नसलेल्या राज्यकर्त्यानं जनतेची जमीन गहाण टाकून स्वतःची खुर्ची राखली.

आणि पुढं काय झालं? पंधरा वर्षांत, ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीच्या लढाईत राखणदार आणि मालक समोरासमोर उभे राहिले आणि मालक हरला. पण माझ्या लेखी पेशवा हरला ही त्या तहाची मोठी शिक्षा नव्हे. मोठी शिक्षा मधल्या पंधरा वर्षांत रयतेला झाली. ज्या राजाला बाहेरची बंदूक मिळते त्याला आपल्या माणसांची मर्जी राखावी लागत नाही. बाजीरावानं मामलती लिलावात काढल्या, ज्यानं जास्त बोली केली त्यानं रयत पिळली. ओरडायचं कुणापुढं? बंड करावं तर वेशीबाहेर कंपनीच्या पलटणी. त्या काळाला कागदोपत्री शांतताच म्हणायचं, कारण होळकर परत आला नाही.

याच्याही आधीचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी आहे, फक्त ते या नजरेनं कुणी बघत नाही. लोणीच्या शेजारी थेऊर. तिथं १७७२ साली थोरला माधवराव वारला आणि गादी धाकट्या नारायणरावाकडं आली. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी त्याला कापला. गारदी म्हंजे पगारी पहारेकरी, ज्यांनी वाडा राखायचा तेच. पगार थकलाय अशी ओरड करत ते आत शिरले, असं सांगतात. आणि आख्यायिका अशी की राघोबानं 'धरावे' लिहिलं होतं, आनंदीबाईनं 'ध' चा 'मा' केला. अडीचशे वर्षं सगळा महाराष्ट्र त्या बाईला शिव्या घालतोय (दोष द्यायला बाई सापडली की आपल्या समाजाला हायसं वाटतं). पण एक अक्षर बदललं की राखणदाराचा मारेकरी होतो, अशी ज्या वाड्याची व्यवस्था, तिला कुणी नाव ठेवत नाही. गारद्याला दोन्ही हुकूम सारखेच. त्याचं नातं वाड्याशी नव्हतं, नारायणरावाशी नव्हतं. कागदाशी होतं. निदान तेव्हा रामशास्त्री होते, राघोबाला तोंडावर दोषी म्हणणारे. आजच्या कंपनीचा कागद वकील लिहितात, आणि त्यात धरावे की मारावे हे आधीपासूनच मोघम ठेवलेलं असतं.

मग कोरेगाव. इथून थेऊर, केसनंद, लोणीकंद असं गेलं की स्तंभाला पोचता येतं. (बाहेरगावचे लोक आमच्या लोणीत आणि लोणीकंदात घोटाळा करतात, तो करू नका. आणि स्तंभही खरं तर नदीच्या अलीकडं, पेरण्याच्या हद्दीत आहे.) ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री, वसईच्या तहाला बरोबर पंधरा वर्षं झाली त्या रात्री, कॅप्टन स्टाँटन शिरूरहून आठशेच्या आसपास माणसं घेऊन पुण्याकडं निघाला. सकाळी भीमेकाठी त्याची गाठ पेशव्याच्या फौजेशी पडली. त्या फौजेतून कोरेगाव गावात शिरून लढले ते कोण? त्यांत मोठा भरणा अरबांचा. समुद्रापलीकडून पगारावर आणलेले अरब. त्यांच्याबरोबर गोसावी, तेही पगारी लढवय्ये. म्हंजे भाड्याची माणसं दोन्ही बाजूंना होती. पण 'भाडोत्री' ही शिवी फक्त एका बाजूच्या एकाच जातीला चिकटवली जाते. स्तंभावर मेलेल्यांची ४९ नावं आहेत, त्यांतली २२ शेवटी 'नाक' असलेली. उरलेल्या २७ जणांच्या वारसांना कुणी 'भाडोत्री' म्हणाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

तेव्हा शिवीचं उत्तर देताना आधी हे विचारावं की त्या माणसाला पगार म्हंजे काय होता. गावात तो काय होता? येसकर. वेशीवर रात्र जागवायची, चोर-दरोड्याची खबर द्यायची, सरकारी वसुली पोचवायची, शिवेचं भांडण निघालं तर शीव दाखवायची, मेलेलं ढोर ओढायचं. गावाची शांतता राखायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच माथी. आणि त्याची मजुरी? बलुतं. घुंगराची काठी आपटत दारोदार जायचं, 'जोहार मायबाप' म्हणायचं आणि टोपल्यात वरून टाकलेली भाकरी झेलायची. मिळाली तर मिळाली. मागायचा हक्क नव्हता, याचना होती. अशा माणसाला महिन्याच्या महिन्याला मोजून रोख पगार, अंगावर वर्दी, हजेरीच्या पटावर नाव, आणि मेला तर दगडावर नाव. तो गेला नसता तरच नवल. पगार घेणारा हात दोषी नाही, हे मी इथं ठासून सांगतो. बलुत्यापेक्षा पगार ही माणुसकीच्या दिशेची पायरी होती, मग तो कुणीही देवो.

पण पगार देणाऱ्या कंपनीचा हिशेब वेगळा आहे, तो तिच्या खात्यावर मांडायला पाहिजे. कोरेगावची लढाई १८१८. जून १८५६ मध्ये धारवाडला एका महाराच्या पोरानं सरकारी शाळेत नाव घालायला अर्ज केला. राज्य कंपनीचंच होतं. अर्ज फेटाळला. सवर्ण पोरं शाळा सोडून जातील, समाजाची घडी बिघडेल, म्हणून सरकारनं हात आखडता घेतला. ३८ वर्षांपूर्वी ज्यांच्या छातीवर गोळ्या चालल्या त्यांच्या पोराला बाकावर बसवायची कंपनीची छाती झाली नाही. आणि यात कंपनीनं करार मोडला का? मुळीच नाही. करार बंदुकीपुरता होता. कंपनीला देश शांत पाहिजे होता, म्हंजे वसुली वेळेवर आणि बाजार चालू. जातीला हात लावला की शांतता बिघडते, हे तिला पक्कं कळलेलं. कंपनी जाऊन राणीचं राज्य आलं, तरी सवय तीच. १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरतीच बंद झाली. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी, स्वतः पेन्शनर हवालदार, अर्ज केला. १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, १९१७ ला, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर चार वर्षांच्या आत मोडली. गरज सरो, वैद्य मरो.

इथं मला माझ्या मुद्द्याचं बोट सापडतं. शांतता विकत घ्यायची म्हटलं की प्रश्न येतो, विकत घेणारा कोण? ज्याच्याकडं द्यायला काही आहे तो. आणि ज्याच्याकडं द्यायला काही आहे त्याला आजची घडी बरीच सोसते, म्हणून ती घडी मोडू नये हीच त्याची शांतता. येसकर रात्रभर वेस राखायचा. पण वेशीच्या आत कोण राहायचं? त्याचं स्वतःचं घर गावकुसाबाहेर. दरोडा पडला तर पहिला तोच उघड्यावर. त्यानं राखलेली शांतता त्याची नव्हतीच, काठी त्याच्या हातात असून काठी पाटलाची. कंत्राटी फौजेचं मूळ दुखणं हेच. तिथली माणसं क्रूर असतात, लोभी असतात, हे दुय्यम. सरकारी फौजेतही तशी असतात. पण कंत्राटावर सही करणारा एक आणि ज्याच्या दारात बंदूक उभी राहणार तो दुसरा. त्या दुसऱ्याचा कागदावर अंगठासुद्धा नसतो.

कुणी म्हणेल, सरकारी बंदुकीला तरी आपला अंगठा कुठं विचारला? खरंय. इथं मी सरकारची वकिली करणार नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलानं गोळ्या झाडल्या. दहा माणसं गेली. ते पगारी सरकारी जवान होते, कुठल्या कंपनीचे नव्हते. श्रीलंकेत १९८७ साली आपलं लष्कर गेलं ते 'शांतिसेना' याच नावानं. २१ ऑक्टोबरला जाफन्याच्या इस्पितळात ते घुसलं आणि डॉक्टर, नर्स, रुग्ण मिळून साठाच्या वर माणसं मेली. आणि त्याच मोहिमेत २५ नोव्हेंबरला आठव्या महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागलेली असताना लढून मेले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. दोन्ही गोष्टी एकाच शांतिसेनेच्या आहेत. आपण दुसरीचा फोटो लावतो. पहिली पण वाचायला पाहिजे.

तरीही फरक आहे, आणि तो मी रमाबाई नगराच्या रक्तावरूनच सांगतो. तिथं गोळीबारानंतर आपण मंत्रालयाला जाब विचारू शकलो. चौकशी आयोग बसला. खटला उभा राहिला आणि २००९ साली त्या तुकडीच्या फौजदाराला जन्मठेप झाली. नंतर शिक्षा स्थगित झाली, न्याय पुरा झाला असं मी म्हणत नाही. पण बारा वर्षं आपण ज्याच्याशी भांडलो त्याला पत्ता होता. तो पळून जाऊ शकत नव्हता, त्याला दर पाच वर्षांनी आपल्या वस्तीत मतं मागायला यावं लागत होतं. ब्लॅकवॉटरचं काय झालं? बगदादच्या विधवांनी कुणाला मत नाकारायचं? चार जणांना २०१४ साली अमेरिकेतल्या कोर्टानं दोषी ठरवलं, डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी चौघांना माफी दिली. कंपनीनं मधल्या काळात दोनदा नाव बदललं, आधी 'झी' आणि मग 'अकॅडेमी'. आपण आडनावं बदलली, गाव बदललं, तरी जात माग काढत येते. कंपनीनं पाटी बदलली की पाप फिटलं.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, जो अभ्यासवर्गात एका पोरीनं विचारला आणि सगळे गप्प झाले. १९७८ च्या जुलैत विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना मारलं. पोलीस कुठं आलेच नाहीत, कुठं आले ते बघत राहिले. तिचा प्रश्न होता, त्या रात्री पैसे घेऊन वस्तीच्या तोंडाशी उभी राहणारी चार बंदूकवाली माणसं मिळाली असती, तर तुम्ही तत्त्वज्ञान सांगत बसला असता का?

नसतो बसलो. वर्गणी काढली असती, बायकोचे दागिने विकले असते. आग लागल्यावर पाणी कुणाच्या विहिरीचं हे विचारायचं नसतं, आणि ज्यांना आयुष्यभर विहीर बंद होती त्यांनी तर नाहीच नाही. पण त्या रात्री मिळेल ती बंदूक घेणं वेगळं, आणि जगाचा कारभारच त्या पायावर उभा करणं वेगळं. तिच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट आहे. समजा, वर्गणी काढायची ऐपत नसलेली शेजारची वस्ती असती तर? ती जळालीच असती, आणि आता नियमानुसार जळाली असती. पोलीस न येणं हा गुन्हा तरी होता. टेंडर न निघणं हा गुन्हा नसतो.

रवांडाचं नाव कंपन्यांचे पाठीराखे नेहमी घेतात. १९९४ साली तिथं शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी. कंपनी असती तर थांबवलं असतं, म्हणतात. पण कत्तल चालू असताना, २१ एप्रिलला, सुरक्षा समितीनं तिथली शांतिसेना कापून २७० माणसांवर आणायचा ठराव केला. सैनिक मिळत नव्हते म्हणून तो ठराव झाला नाही. त्या माणसांसाठी काही खर्चायची इच्छा नव्हती म्हणून झाला. कंपनीचं बिल कुणी भरलं असतं? तुत्सी बायका भरणार होत्या? ज्यांनी सैनिक काढून घेतले त्यांनाच चेकवर सही करायची होती.

म्हणून युनोची शांतिसेना फार पवित्र आहे असं समजू नका. तिचा जमाखर्च बघितला की मला आपलं जुनं गाव दिसतं. पैसे जास्त कुणाचे? अमेरिका, चीन, जपान, जर्मनी, ब्रिटन. माणसं कुणाची? वर्षानुवर्षं यादीत वर असतात ते बांगलादेश, नेपाळ, भारत, पाकिस्तान, रवांडा, इथिओपिया. माणशी महिन्याचा दर ठरलेला; २०१८ साली ठरला तो १,४२८ डॉलर, आणि तोही जवानाच्या हातात नाही, त्याच्या सरकारच्या खात्यात. कुठं जायचं, कधी परत फिरायचं, हे व्हेटोवाले पाच जण ठरवणार. पाटील, कुळकर्णी चावडीवर आणि येसकर वेशीवर, अशी ही जागतिक बलुतेदारी. भारतानं आजवर दोन लाखांहून जास्त जवान अशा मोहिमांवर पाठवले. १९९३-९४ ला सोमालियात गेलेल्या भारतीय ब्रिगेडमध्ये महार रेजिमेंटचीही पलटण होती. आणि जबाबदारीचं म्हणाल तर हैतीत २०१० साली युनोच्याच सैनिकांच्या छावणीतून पटकी पसरली, दहा हजारांच्या आसपास माणसं दगावली, आणि नुकसानभरपाई मागितली तर युनोनं कायदेशीर संरक्षणाची ढाल पुढं केली. सहा वर्षांनी माफी मागितली. पण मागितली. कुणाकडं तरी बोट दाखवायला जागा होती, सभागृह होतं, पत्रकार विचारत होते. ती फट रुंद करायची का ती बुजवून तिथं काउंटर उघडायचा, एवढाच खरा वाद आहे. जिच्या दारात शांतिसैनिक उभा आहे त्या बाईला त्याच्याविरुद्ध तक्रार करता आली पाहिजे आणि तिच्या तक्रारीवर त्याला घरी पाठवता आलं पाहिजे. कंपनीच्या कराराचं कलम तिला कधीच वाचायला मिळणार नाही.

हा सगळा विषय परदेशातला वाटत असेल तर आपल्या गावात फिरून बघा. आमच्या लोणी काळभोरात तेल कंपन्यांचे डेपो आहेत, कॉलेजं आहेत, गोदामं आहेत, नव्या सोसायट्या रोज उठतायत. प्रत्येक गेटवर निळी-खाकी वर्दी घालून उभी असलेली पोरं आणि म्हातारे बघा आणि आडनावं विचारा. त्यांत आपली किती निघतात ते मोजा. बारा तासांची ड्यूटी, एजन्सी बदलली की जुना फंड गायब. महाराष्ट्रात १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा झाला, त्याखाली मंडळं झाली, पण त्यातून सूट घेऊन एजन्सीचा धंदा चालतोच. ही नवी येसकरपाळी. फक्त भाकरीच्या ऐवजी बँकेत पगार, तोही एजन्सीनं आपला वाटा कापून.

आणि ही रीत गेटवरून आत सरकतेय. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारनं मुंबई पोलिसांत सुरक्षा महामंडळाची तीन हजार माणसं कंत्राटी घ्यायचं ठरवलं. त्याच सप्टेंबरात नऊ एजन्सींमार्फत सरकारी कामाला कंत्राटी माणसं घ्यायचा निर्णय निघाला. पोरं रस्त्यावर आली तेव्हा ऑक्टोबरमध्ये मागं घेतला. लष्करात २०२२ पासून अग्निपथ आहे, चार वर्षांची नोकरी, नंतर शंभरातले पंचवीसच कायम, बाकीच्यांना पेन्शन नाही. आपल्यातले काही शहाणे म्हणतात, जाऊ द्या, पोरगं कामाला तर लागलं. पोरानं जावंच, त्याला मी नाक मुरडणार नाही. कोरेगावच्या माणसाला मुरडलं नाही तर याला का मुरडू? पण एजन्सीच्या भरतीत आरक्षण नसतं. बाबासाहेबांनी १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर बसून महार पलटण मागितली आणि १ ऑक्टोबरला ती बेळगावला उभी राहिली. त्यांनी सरकारची पलटण मागितली. कुणा संस्थानिकाच्या, कुणा गिरणीमालकाच्या पहाऱ्यावर माणसं पुरवायचं कंत्राट नाही मागितलं. वतनाचा जाच त्यांनी पाहिला होता. १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्यांनी महार वतनाचं बिल आणलं ते याचसाठी, की गावाचं काम करायचं तर पगारावर, हक्कानं, किंवा मग करायचंच नाही.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी आले होते. तीन वर्षांनी, १९३० च्या गोलमेज परिषदेत, त्यांनी इंग्रजांना तोंडावर हिशेब विचारला: तुमच्या राज्याआधी आम्हाला गावची विहीर बंद होती, तुम्ही ती उघडलीत का? ज्या माणसांच्या जोरावर राज्य मिळवलं त्यांना लष्कराचं दार का लावलंत? स्तंभाला मान आणि कंपनीच्या वारसाला जाब, दोन्ही त्यांनी एका श्वासात केलं. आपल्या पोरांनी शिवीला उत्तर देताना हे दोन्ही हात वापरावेत.

आणि स्तंभापासून तीन महिन्यांच्या आत महाड झालं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यालं, आणि परतीच्या वाटेवर जेवायला बसलेल्या आपल्या माणसांवर गावचे लोक लाठ्या घेऊन तुटून पडले. त्या दिवशी महाडात आपले पेन्शनर फौजी पुष्कळ होते. महायुद्ध पाहिलेले, बंदूक हातातून गेलेली पण हात तेच. त्यांनी बाबासाहेबांकडं नुसता हुकूम मागितला. बाबासाहेबांनी दिला नाही. ती माणसं दात आवळून थांबली, जखमींना उचललं, आणि दुसऱ्या दिवसापासून कोर्टात साक्षी द्यायला लागली. त्या कामाचा पगार त्यांना कुणी दिला नव्हता.